मुंबई पोलीस दलाचा इतिहास

मुंबई पोलीस हे मुंबई शहर व उपनगरे यांत कायदा व सुव्यवस्था राखणारे, गुन्ह्यांचा तपास करणारे आणि वाहतुकीचे नियमन पाहणारे पोलीस दल आहे. ते महाराष्ट्र पोलिसांचा भाग असून त्याचे प्रमुख 'पोलीस आयुक्त' असतात. 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' हे महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीदवाक्यच या दलाचेही ब्रीदवाक्य आहे. सध्याच्या स्वरूपातील दलाचा आरंभ १४ डिसेंबर १८६४ रोजी फ्रँक सूटर यांची पहिले पोलीस आयुक्त म्हणून नेमणूक झाली तेव्हापासून मानला जातो. मात्र शहराच्या पहाऱ्याची व्यवस्था त्याहून सुमारे दोनशे वर्षे जुनी आहे. प्रमुख अधिकाऱ्याने कोणाला जबाबदार असावे आणि त्याला पदावर किती काळ राहू द्यावे, हा वाद या दलाच्या इतिहासात अगदी सुरुवातीपासून दिसतो.

== भंडारी पहारा ==

मुंबई बेट १६६१ च्या विवाह-करारान्वये पोर्तुगिजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आणि १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. त्या वेळी बेटावर रात्रीची लूटमार, चोऱ्या आणि बंदरात उतरलेल्या खलाशांची दांडगाई यांचा मोठा उपद्रव होता. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर (कारकीर्द १६६९–१६७७) यांनी त्यावर उपाय म्हणून स्थानिक लोकांचे एक निमलष्करी पथक उभारले. त्यात मुख्यतः ताडी-माडीचा व्यवसाय करणाऱ्या भंडारी समाजातील माणसे होती, म्हणून ते 'भंडारी पथक' या नावाने ओळखले जाऊ लागले. जमीनधारकांनी आपापल्या जमिनीच्या प्रमाणात माणसे पुरवावीत असा दंडक होता; ब्राह्मण व वाणी यांना सेवेऐवजी पैसे देण्याची मुभा होती. पथकावर सुभेदार नेमलेले असत आणि माहीम, शिवडी व शीव येथे त्यांची ठाणी होती.

या पथकाला पगारी पोलीस म्हणता येणार नाही. ते अर्धे सैन्य आणि अर्धे गावकीचे राखणदार होते. बेटाच्या रक्षणासाठी लढण्याची वेळ आली तर तेच लढत आणि एरवी रात्री गस्त घालत. अठराव्या शतकात कोटाच्या आत व्यापार वाढला, बाहेर वस्ती दाट झाली आणि ही जुनी व्यवस्था अपुरी पडू लागली. १७७१ मध्ये भंडारी पथकाची पुनर्रचना करून त्याला पोलिसी कामाचे अधिक निश्चित स्वरूप देण्यात आले.

== लेफ्टनंट ऑफ पोलीस ते सुपरिंटेंडंट ==

१७ फेब्रुवारी १७७९ रोजी जेम्स टॉड यांची 'लेफ्टनंट ऑफ पोलीस' या पदावर नेमणूक झाली. मुंबईत पोलीस-कामासाठी नेमलेला स्वतंत्र प्रमुख अधिकारी म्हणून त्यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. पुढच्याच वर्षी हे पद रद्द होऊन 'डेप्युटी ऑफ पोलीस' असे नवे पद निर्माण झाले आणि त्यावरही टॉड हेच राहिले. त्यांच्या हातात अधिकार मोठे होते, मात्र देखरेख जवळजवळ नव्हती. १७९० मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपावरून त्यांच्यावर खटला चालला आणि ते पदच्युत झाले. अशा रीतीने शहराच्या पहिल्याच पोलीस प्रमुखाची कारकीर्द आरोपीच्या पिंजऱ्यात संपली.

१७९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने केलेल्या कायद्यानंतर डेप्युटीचे पद गेले आणि 'सुपरिंटेंडंट ऑफ पोलीस' हे पद आले. सायमन हॅलिडे हे पहिले सुपरिंटेंडंट होत. त्यांच्यानंतर १८०९ मध्ये आलेले चार्ल्स ब्रिस्को यांच्यावरही १८१० मध्ये लाचखोरीचा खटला झाला. वीस वर्षांत दोन पोलीस प्रमुखांवर खटले भरावे लागल्याने दोष केवळ व्यक्तींचा नसून पदाच्या रचनेचा आहे, हे सरकारच्या ध्यानी आले. एकच माणूस आरोपीला पकडत होता, त्याचा निवाडा करत होता आणि शिक्षाही देत होता. मुंबईचे रेकॉर्डर सर जेम्स मॅकिंटॉश यांनी या निरंकुशतेवर कठोर टीका केली. त्यानंतर १८१२ च्या नियमावलीने निवाड्याचे काम तीन पोलीस दंडाधिकाऱ्यांमध्ये वाटून देण्यात आले. पोलीस आणि न्याय यांची पुरती फारकत मात्र पुढे अनेक दशकांनी झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दलाची प्रतिष्ठा बेताचीच होती. जून १८३२ मध्ये मोकाट कुत्री मारण्याच्या हुकमावरून शहरात दंगल उसळली. प्रत्येक कुत्र्यामागे ठरावीक बक्षीस मिळत असल्याने शिपाई घरांच्या आवारात शिरूनही कुत्री मारू लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व असल्यामुळे त्यांनी बाजार बंद पाडले, किल्ल्याकडे जाणारी रसद अडवली आणि अखेर लष्कर बोलवावे लागले. १८५१ मध्ये पारशी व मुस्लिम यांच्यात दंगल झाली, तेव्हाही दल कमी पडले.

== चार्ल्स फोर्जेट ==

१८५५ मध्ये चार्ल्स फोर्जेट यांच्याकडे दलाची सूत्रे आली. ते भारतातच वाढलेले होते. मराठी व हिंदुस्तानी ते अस्खलित बोलत आणि वेषांतर करून बाजारात, अड्ड्यांवर हिंडत. त्यांच्याविषयीच्या अनेक कथा शहरात प्रचलित होत्या. त्यांतल्या किती खऱ्या, किती रंगवलेल्या हे ठरवणे अवघड आहे. लाचखाऊ शिपायांना हुडकून काढून त्यांनी दल साफ केले, हे मात्र निर्विवाद आहे.

१८५७ च्या उठावाच्या काळात मुंबईत युरोपीय सैन्य अगदी थोडे होते. सैन्याधिकाऱ्यांना धोका शहरातील रहिवाशांकडून वाटत होता. फोर्जेट यांचे मत उलट होते: खरी भीती पलटणींमधील शिपायांचीच आहे. त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर सुमारे ५० युरोपीय घोडेस्वार पोलिसांचे पथक उभारले. दिवाळीच्या सुमारास उठाव करण्याची मसलत सोनापूर भागातील एका घरात होत असल्याची बातमी लागताच ते तेथे पोचले. भिंतीला पाडलेल्या भोकातून त्यांनी ती मसलत स्वतः पाहिली व ऐकली. पलटणीचे अधिकारी मेजर बॅरो यांनाही त्यांनी सोबत नेले, कारण आपल्या शिपायांवर अधिकाऱ्यांचा विश्वास होता आणि केवळ पोलिसाच्या सांगण्यावरून तो ढळणारा नव्हता. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि शिपाई मंगल गाडिया यांना एस्प्लनेड मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. हे मैदान म्हणजे आजच्या आझाद मैदानाचा परिसर. फोर्जेट यांचा गौरव करणाऱ्या ब्रिटिश लेखनात या दोघांचा उल्लेख बंडखोर म्हणून येतो, तर स्वातंत्र्योत्तर मुंबईत त्यांचे स्मरण हुतात्मे म्हणून केले जाते.

शहराच्या रचनेतही फोर्जेट यांचा वाटा आहे. कापसाच्या गासड्या पडून राहणाऱ्या कोटातील मोकळ्या जागेचे वर्तुळाकार उद्यानात रूपांतर करण्याची कल्पना त्यांची होती. तेच पुढे एल्फिन्स्टन सर्कल आणि आताचे हॉर्निमन सर्कल होय. ताडदेव भागातील एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. निवृत्तीनंतर इंग्लंडमध्ये त्यांनी 'अवर रिअल डेंजर इन इंडिया' (१८७७) हे पुस्तक लिहिले.

== आयुक्तपदाची स्थापना ==

फ्रँक सूटर हे मुंबईत येण्यापूर्वी अहमदनगर जिल्ह्यात पोलीस अधीक्षक होते. नगर-नाशिक भागातील भिल्लांच्या उठावाचे नेते भागोजी नाईक हे नोव्हेंबर १८५९ मध्ये सिन्नर तालुक्यात मिठसागरे येथे सूटर यांच्या तुकडीशी झालेल्या लढाईत मारले गेले. या कामगिरीने सूटर यांचे नाव झाले आणि पाच वर्षांनी ते मुंबईचे पहिले पोलीस आयुक्त बनले.

सूटर १८६४ पासून १८८८ पर्यंत, म्हणजे सुमारे २४ वर्षे, या पदावर होते. इतका काळ हे पद पुन्हा कोणालाही लाभलेले नाही. अमेरिकी यादवी युद्धामुळे आलेली कापसाची तेजी, १८६५ ची आर्थिक पडझड, गिरण्यांची वाढ आणि त्यामागून आलेली कामगारांची दाट वस्ती हे सारे त्यांच्या कारकिर्दीत घडले. बडोद्याचे ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर झालेल्या कथित विषप्रयोगाचा तपासही त्यांच्याकडे सोपवण्यात आला. त्या प्रकरणाचा शेवट १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड यांच्या पदच्युतीत झाला. गुन्ह्यांच्या तपासात सूटर यांना खानबहादुर मीर अब्दुल अली यांच्यासारख्या हिंदी अधिकाऱ्यांचा मोठा आधार होता. त्या काळातील दलाची रचना पाहता वरची पदे युरोपियनांकडे असत, आणि बातमी काढण्यापासून आरोपी हुडकण्यापर्यंतचे काम मात्र हिंदी जमादार व हवालदार करत.

सूटर यांची कारकीर्द निष्कलंक मानली जात असली तरी फेब्रुवारी १८७४ च्या पारशी-मुस्लिम दंगलीत पोलिसांनी वेळीच हस्तक्षेप केला नाही, अशी तक्रार पारशी समाजाने सरकारदरबारी जोरदारपणे मांडली होती. त्यानंतरच्या प्रत्येक मोठ्या दंगलीनंतर कोणत्या ना कोणत्या समाजाकडून हीच तक्रार पुन्हा झालेली आढळते.

सूटर यांच्यानंतर कर्नल विल्सन (१८८८–१८९३) आणि त्यांच्यामागून आर. एच. व्हिन्सेंट (१८९३–१८९८) आले. ऑगस्ट १८९३ ची हिंदू-मुस्लिम दंगल, १८९६ पासूनची प्लेगची साथ आणि मार्च १८९८ मध्ये प्लेगच्या उपाययोजनांविरुद्ध झालेला दंगा यांना व्हिन्सेंट यांना तोंड द्यावे लागले. १८९३ च्या दंगलीत सुमारे ८० माणसे मृत्युमुखी पडली. १८९६ मध्ये आयुक्तांचे कार्यालय क्रॉफर्ड मार्केटसमोरील (आताची महात्मा जोतिबा फुले मंडई) गॉथिक धाटणीच्या दगडी इमारतीत आले आणि आजही दलाचे मुख्यालय त्याच आवारात आहे. १९०२ मध्ये शहरासाठी स्वतंत्र पोलीस कायदा झाला.

== एडवर्ड्स आणि राजकीय चळवळींचा काळ ==

हार्टले केनेडी यांच्यानंतर एच. जी. गेल (१९०२–१९०९) यांच्या वेळी पोलिसांपुढील कामाचे स्वरूपच बदलले. २४ जून १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना मुंबईत अटक झाली. २२ जुलै रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली जाताच गिरणी कामगारांनी सहा दिवसांचा संप केला. रस्त्यांवर दगडफेक व गोळीबार झाले. चोर आणि दरोडेखोर यांच्यासाठी बांधलेले दल राजकीय जनसमुदायासमोर उभे राहिले तेव्हा त्याच्यापाशी बातमी काढण्याची यंत्रणा नव्हती आणि माणसेही पुरेशी नव्हती.

१९०९ मध्ये सरकारने पोलीस सेवेबाहेरच्या, सनदी सेवेतील एस. एम. एडवर्ड्स यांना आयुक्त नेमले. ते मुंबईच्या इतिहासाचे अभ्यासक होते आणि 'गॅझेटिअर ऑफ बॉम्बे सिटी अँड आयलंड' या तीन खंडांच्या ग्रंथाचे संपादन त्यांनी केले होते. त्यांनी गुन्हे अन्वेषण विभागाची नव्याने बांधणी केली. मोहरमच्या ताबूत मिरवणुकांमधील टोळ्यांच्या मारामाऱ्या हा दरवर्षीचा प्रश्न होता. मिरवणुकांवर कडक नियम लादून त्यांनी तो जवळजवळ संपवला. निवृत्तीनंतर १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा 'द बॉम्बे सिटी पोलीस' हा ग्रंथ १६७२ ते १९१६ या काळाचा वृत्तान्त देतो. आरंभीच्या काळाविषयी आज जे काही लिहिले जाते त्यातील बराचसा भाग या एका पुस्तकावर आधारलेला आहे. त्यामुळे एक मर्यादाही येते: त्यात शहर आयुक्ताच्या खुर्चीवरून पाहिलेले आहे, शिपायाच्या चौकीतून किंवा जमावातून नव्हे.

पॅट्रिक केली यांच्या कारकिर्दीत १२ जानेवारी १९२५ रोजी मलबार हिल येथे व्यापारी अब्दुल कादर बावला यांचा खून झाला. हल्लेखोर इंदूर संस्थानातून आले होते आणि त्यांचा हेतू बावला यांच्यासोबत असलेल्या, इंदूर दरबारातून निघून आलेल्या मुमताज यांना पळवून नेण्याचा होता. तपासाचा माग संस्थानापर्यंत पोचल्याने प्रकरण राजकीयदृष्ट्या अवघड होते. खटल्यात आरोपींना शिक्षा झाल्या आणि १९२६ मध्ये तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी गादी सोडली.

याच केलींच्या पोलिसांना १९३० मध्ये सविनय कायदेभंगाशी सामना करावा लागला. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात पोलीस बंदोबस्तात निघालेला विदेशी कापडाचा ट्रक अडवताना बाबू गेनू या गिरणी कामगाराचा त्याखाली चिरडून मृत्यू झाला. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे आयुक्त बटलर यांनी बिर्ला हाऊस येथे जाऊन महात्मा गांधींना अटक केली. फेब्रुवारी १९४६ मध्ये नौदलातील खलाशांच्या उठावाला शहरातील कामगारांनी पाठिंबा दिला, तेव्हाच्या गोळीबारांत दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

या काळातील शिपाई निळा गणवेश व पिवळी टोपी यांमुळे लांबूनही ओळखू येई. बहुतेक शिपाई कोकण व देशावरून आलेले मराठी भाषक होते. ज्या चाळींमधून गिरणी कामगार संपावर जात, त्याच वस्त्यांत त्यांची बिऱ्हाडे असत. वरळी, नायगाव आणि डिलाईल रोड येथील बीडीडी चाळींमध्ये पोलिसांची कुटुंबे पुढेही पिढ्यान्‌पिढ्या राहिली.

== स्वातंत्र्योत्तर काळ ==

१५ ऑगस्ट १९४७ रोजी ए. ई. कॅफिन या शेवटच्या ब्रिटिश आयुक्तांकडून जे. एस. भरुचा यांनी सूत्रे घेतली. ते मुंबईचे पहिले भारतीय पोलीस आयुक्त होत. पुढच्याच वर्षी गांधीहत्येच्या तपासात मुंबईच्या विशेष शाखेचे उपायुक्त जमशेद नगरवाला यांनी प्रमुख भूमिका बजावली. २० जानेवारी १९४८ च्या बॉम्बस्फोटानंतर मुंबईत मिळालेली माहिती हत्या टाळण्यासाठी पुरेशा तत्परतेने वापरली गेली का, हा प्रश्न मात्र राहिला. १९६६ मध्ये नेमलेल्या कपूर आयोगाने १९६९ मधील अहवालात त्याची सविस्तर चिकित्सा केली आणि पोलिसांच्या त्रुटींवर बोट ठेवले. १९५१ मध्ये मुंबई पोलीस अधिनियम संमत झाला. तोच आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने लागू आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात पोलीस आणि मराठी जनता यांच्यात मोठी दरी पडली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटन परिसरात मोर्चावर गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाल्यावर अनेक दिवस शहरभर गोळीबार होत राहिले. या आंदोलनातील १०६ हुतात्म्यांपैकी बहुसंख्य मुंबईतील पोलीस गोळीबारात बळी पडले. गोळीबाराचे धोरण मोरारजी देसाई यांच्या सरकारचे होते. बंदुका मात्र बहुतांशी मराठी शिपायांच्याच हाती होत्या. फ्लोरा फाउंटनचा चौक आता हुतात्मा चौक म्हणून ओळखला जातो.

== १९८२ चे पोलीस आंदोलन ==

दलाच्या इतिहासात वरिष्ठांविषयी पुष्कळ लिहिले गेले असले तरी शिपायांनी स्वतः आवाज उठवल्याचे प्रसंग थोडे आहेत. त्यांतील सर्वांत मोठा १९८२ चा. तुटपुंजा पगार, बारा-बारा तासांहून अधिक काम, घरांचा प्रश्न आणि वरिष्ठांची घरकामे करावी लागणे या तक्रारींतून महाराष्ट्रात पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना उभी राहिली होती व तिला मान्यताही होती. १८ जानेवारी १९८२ पासून गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. संपाचा बंदोबस्त करणारे शिपाई आणि संपकरी अनेकदा एकाच चाळीत, कधी एकाच कुटुंबात राहत होते. या परिस्थितीत फेब्रुवारी १९८२ मध्ये ज्युलिओ रिबेरो आयुक्त झाले.

१५ ऑगस्ट रोजी पोलिसांनी काळ्या फिती लावून निषेध नोंदवला. सरकारने संघटनेची मान्यता काढून घेतली आणि तिच्या नेत्यांना अटक केली. त्याची बातमी पसरताच १८ ऑगस्ट १९८२ रोजी शिपाई रस्त्यावर उतरले. त्यांच्या निदर्शनांत गिरणी कामगारही सामील झाले, रेल्वेगाड्या अडवल्या गेल्या, काही भागांत लूटमार व जाळपोळ झाली आणि शहर लष्कराच्या ताब्यात द्यावे लागले. आंदोलन मोडून काढण्यात आले व अनेकांना बडतर्फ करण्यात आले. संघटना पुन्हा उभी राहू शकली नाही.

त्या वेळच्या मागण्यांपैकी कामाच्या तासांची मागणी तब्बल ३४ वर्षांनी अंशतः मान्य झाली. आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांच्या कारकिर्दीत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. एका शिपायानेच मांडलेली ही योजना नंतर इतर ठाण्यांत नेण्यात आली. मनुष्यबळ कमी असल्यामुळे सणासुदीच्या व निवडणुकीच्या बंदोबस्तात ती पाळणे कठीण जाते.

== संघटित गुन्हेगारी आणि चकमकी ==

११ जानेवारी १९८२ रोजी वडाळा येथे मन्या सुर्वे हा गुंड पोलिसांच्या गोळीबारात ठार झाला. मुंबईतील पुढच्या काळातील 'चकमकीं'ची ही सुरुवात मानली जाते. १६ नोव्हेंबर १९९१ रोजी लोखंडवाला संकुलात झालेल्या दीर्घ चकमकीनंतर हा शब्द घरोघरी पोचला. १९९० च्या दशकात खंडणीखोर टोळ्यांनी बांधकाम व्यावसायिक, चित्रपट निर्माते आणि हॉटेलमालक यांना जेरीस आणले होते. त्यामुळे चकमकींत गुंड मारणाऱ्या अधिकाऱ्यांना जनतेत आणि वृत्तपत्रांत वीरांचा दर्जा मिळाला. टोळ्यांचा जोर ओसरला, हे खरे आहे. मात्र काही चकमकी बनावट असल्याचे आरोप झाले, काही अधिकाऱ्यांवर खटले चालले आणि खटल्याविना शिक्षा देण्याचा अधिकार पोलिसांनी स्वतःकडे घेतल्याची टीका मानवाधिकार कार्यकर्त्यांनी सातत्याने केली. १८१२ च्या सुधारणेने पोलिसांच्या हातून काढून घेतलेले निवाड्याचे काम वेगळ्या वाटेने परत आले, असेही या टीकेचे वर्णन करता येईल.

== १९९२–९३ ==

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील दंगलींत मुंबईत ९०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३५६ मृत्यू पोलिसांच्या गोळीबारात झाले. त्या वेळी श्रीकांत बापट आयुक्त होते. जानेवारी १९९३ च्या अखेरीस त्यांच्या जागी अमरजितसिंग सामरा आले. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाचे काम १९९६ मध्ये युती सरकारने थांबवले व काही महिन्यांनी पुन्हा सुरू केले. १९९८ मध्ये आलेल्या अहवालात आयोगाने मुस्लिमांविषयीच्या पूर्वग्रहाचा ठपका दलातील काही घटकांवर ठेवला आणि ३१ पोलिसांच्या कृत्यांचा नावानिशी उल्लेख केला. आयुक्तांना राजकीय नेतृत्वाकडून परस्परविरोधी आदेश मिळत राहिले व तो गोंधळ खालपर्यंत झिरपला, असे निरीक्षणही त्यात आहे. तत्कालीन सरकारने अहवाल फेटाळला आणि पुढील कारवाई अत्यल्प झाली.

१२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोट मालिकेत २५७ माणसे ठार झाली. वरळीत सापडलेल्या एका बेवारस वाहनावरून काही तासांतच तपासाला दिशा मिळाली. तपासाची धुरा तेव्हाचे वाहतूक उपायुक्त राकेश मारिया यांच्याकडे देण्यात आली होती. एका तिमाहीत घडलेल्या या दोन घटनांनी दलाची एकाच वेळी दोन अगदी भिन्न चित्रे लोकांसमोर ठेवली.

== २६ नोव्हेंबर २००८ ==

२६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात १६६ माणसे मृत्युमुखी पडली. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे, मुंबईच्या पूर्व प्रादेशिक विभागाचे अपर आयुक्त अशोक कामटे आणि निरीक्षक विजय साळसकर हे कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत हल्लेखोरांच्या गोळीबारात मारले गेले. गिरगाव चौपाटीवर नाकाबंदीसाठी उभे असलेले सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्या हाती केवळ लाठी होती. त्यांनी अजमल कसाब याच्या रायफलची नळी धरून ठेवली आणि स्वतः गोळ्या झेलल्या. त्यामुळे कसाब जिवंत सापडला. या चौघांनाही मरणोत्तर अशोकचक्र प्रदान करण्यात आले.

हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने शस्त्रे, चिलखते, सराव आणि आणीबाणीच्या कार्यपद्धतीचे पालन यांतील उणिवा दाखवल्या. आयुक्त हसन गफूर यांचे नेतृत्व त्या रात्री पुरेसे प्रत्ययास आले नाही, असा शेरा समितीने दिला. जून २००९ मध्ये गफूर यांची बदली झाली आणि डी. शिवानंदन आयुक्त झाले.

== आयुक्तपदाचा कार्यकाळ ==

१८६४ ते १९१६ या ५२ वर्षांत कायम नेमणुकीचे सहाच आयुक्त झाले. १९८२ ते २०२५ या सुमारे ४३ वर्षांत ही संख्या तीसच्या आसपास आहे. सेवाज्येष्ठता आणि निवृत्तीचे वय ही त्याची कारणे आहेत, पण ती अर्धीच. आयुक्ताची नेमणूक राज्य सरकार करते. गृहमंत्री बदलले, आघाडी बदलली किंवा एखादे प्रकरण अडचणीचे ठरले की पदावरील व्यक्ती बदलते, असा अनुभव आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये शीना बोरा खून प्रकरणाचा तपास ऐन भरात असताना राकेश मारिया यांना बढती देऊन हलवण्यात आले. संजय पांडे यांना २०२२ मध्ये निवृत्तीपूर्वी अवघे चार महिने मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात २००६ मध्ये पोलीस अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ द्यावा असा निर्देश दिला आणि राज्याने २०१४ मध्ये कायद्यात तशी सुधारणाही केली. मात्र तिच्यातील अपवादांमुळे बदल्यांवर फारसा वचक बसलेला नाही.

पदाची अस्थिरता सर्वांत उघडपणे २०२१ मध्ये दिसली. उद्योगपती मुकेश अंबानी यांच्या निवासस्थानाजवळ २५ फेब्रुवारी रोजी स्फोटके असलेली मोटार सापडली आणि त्या प्रकरणात गुन्हे शाखेतील अधिकारी सचिन वाझे यांना अटक झाली. १७ मार्च रोजी आयुक्त परमबीर सिंह यांची बदली झाली. तीन दिवसांनी त्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून गृहमंत्री अनिल देशमुख यांनी वसुलीचे लक्ष्य ठरवून दिल्याचा आरोप केला. देशमुख यांनी तो नाकारला, तरी त्यांना राजीनामा द्यावा लागला व पुढे अटकही झाली. सिंह यांच्याविरुद्धही गुन्हे दाखल होऊन त्यांचे निलंबन झाले. ते २०२३ मध्ये मागे घेण्यात आले.

== सध्याची रचना ==

आयुक्तालयाच्या हद्दीत दक्षिण, मध्य, पूर्व, पश्चिम व उत्तर असे पाच प्रादेशिक विभाग असून प्रत्येकावर अपर पोलीस आयुक्त असतात. विभागांखाली उपायुक्तांची परिमंडळे आणि त्यांखाली पोलीस ठाणी येतात. कायदा व सुव्यवस्था, गुन्हे, वाहतूक, प्रशासन आणि आर्थिक गुन्हे या शाखांचे प्रमुख सहपोलीस आयुक्त दर्जाचे असतात. मीरां बोरवणकर या गुन्हे शाखेच्या प्रमुखपदी आलेल्या पहिल्या महिला अधिकारी होत. आयुक्तपदावर २०२५ पर्यंत महिला अधिकाऱ्याची नेमणूक झालेली नाही. जानेवारी २०२३ मध्ये 'विशेष पोलीस आयुक्त' असे नवे पद निर्माण करून त्यावर देवेन भारती यांना नेमण्यात आले. विवेक फणसळकर यांच्या निवृत्तीनंतर २०२५ मध्ये तेच आयुक्त झाले.

ठाणे, नवी मुंबई आणि मीरा-भाईंदर, वसई-विरार यांची पोलीस आयुक्तालये स्वतंत्र आहेत. उपनगरी रेल्वेच्या हद्दीतील गुन्हे मुंबई पोलिसांकडे न येता लोहमार्ग पोलीस आयुक्तांकडे जातात.